आई-बाबांचा सहा महिन्यांचा फोन

ऑगस्ट २०२२. दुपारचे चार वाजले असतील. आभाळ एकदम काळंकुट्ट झालं आणि बाबा फिरायला बाहेर पडलेले. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घरापासून रूझवेल्ट पार्क चालत वीस मिनिटांवर आहे. तिथल्या तळ्याकडे चक्कर मारून आल्याशिवाय बाबांना संध्याकाळचा चहा गोड लागत नाही. मी फोन लावला, तर नंबर उपलब्ध नाही असं एक बाई इंग्रजीत सांगायला लागली. पुन्हा लावला, पुन्हा तीच. व्हॉट्सॅपवर ‘कुठे आहात?’ टाकलं, एकच टिक. पहिली वीज कडाडली तशी मी गाडीची किल्ली उचलली.

पार्कपाशी पोचते न पोचते तोच अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘अगं, मी बोलतोय. तळ्याच्या अलीकडं छप्पर आहे ना, तिथं उभा आहे. माझ्या फोनला रेंजच नाही. या गुजराती काकांनी त्यांचा दिला.’ बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटी डायरी असते. तिच्यात माझा नंबर होता, म्हणून तो फोन आला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, परका देश, आणि खिशातल्या फोनचा उपयोग फक्त वेळ बघायला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा दोघं साताऱ्याहून पुन्हा आले आणि दिवाळीच्या आधी परत गेले. या वेळी सहा महिन्यांत असा प्रसंग एकदाही आला नाही, कारण ते यायच्या आधी मी दोन आठवडे याच कामाला दिले. आता मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, ‘तुझ्या आई-बाबांना कुठलं सिमकार्ड घेतलं होतंस?’ कार्डाचं नाव एका शब्दात सांगता येतं, पण त्यानं काम होत नाही. म्हणून सगळंच लिहून काढतेय.

आधी २०१८ चं सांगते, कारण पहिली चूक तिथली. तेव्हा मी सरळ आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवली. दुकानातला मुलगा म्हणाला, नव्या लाइनवर फोन फुकट. मला वाटलं, बरंच झालं. तो ‘फुकट’ म्हणजे काय, ते आई-बाबा परत गेल्यावर कळलं. फोनची किंमत २४ हप्त्यांत बिलात लागते आणि तेवढीच सूट दर महिन्याला परत मिळते. लाइन मधेच बंद केली की सूट थांबते आणि उरलेले हप्ते आपल्या गळ्यात. अमेरिकेतले दोन वर्षांचे जुने करार टी-मोबाइलनं २०१३ मध्ये मोडीत काढले, बाकीच्यांनीही पुढच्या दोन-तीन वर्षांत तेच केलं. पण कराराची जागा हप्त्यांनी घेतली, आणि आता तर बऱ्याच ठिकाणी २४ चे ३६ झालेत. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या माणसानं या वाटेला जाऊच नये.

तसंही साधं पोस्टपेड त्यांच्या नावावर मिळणं कठीण. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, क्रेडिट तपासतात, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांकडे दोन्ही नसतं. प्रीपेडला यातलं काहीच लागत नाही. पैसे भरा, कार्ड चालू. नको असेल तेव्हा पुढचा महिना भरू नका, विषय संपला.

प्रीपेडच्या बाजारात शिरलात की पन्नास नावं दिसतात आणि डोकं गरगरतं. मला जे कळल्यावर शांत वाटलं ते हे: सबंध देशभर स्वतःचे टॉवर असलेल्या कंपन्या तीनच, एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन. बाकी बहुतेक सगळ्या या तिघींपैकी कोणाचे तरी टॉवर वापरतात. काही तर त्यांच्याच घरातल्या आहेत. क्रिकेट एटी अँड टीची, व्हिजिबल व्हेरायझनची, मेट्रो टी-मोबाइलची. मिंट आणि अल्ट्रासुद्धा मे २०२४ पासून टी-मोबाइलच्याच. त्यामुळे पन्नास नावांची तुलना करत बसायची गरज नाही. आपल्या गल्लीत या तिघींपैकी कोणाची रेंज चांगली, एवढं आधी ठरवायचं. स्वस्त कार्डाला गर्दीच्या ठिकाणी इंटरनेट मंद मिळतं, कारण टॉवर भरला की मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांचा नंबर बहुतेक वेळा आधी लागतो. ऑगस्टमध्ये ओक ट्री रोडवरच्या इंडिया डे परेडला हे जाणवेल. रोजच्या फिरण्यात जाणवत नाही.

आता २०२२ ची चूक. तेव्हा कार्ड स्वस्त होतं, करार नव्हता, त्या मोठ्या कंपनीची आमच्याकडे रेंजही चांगली होती. अडलं फोनवर. बाबांचा फोन साताऱ्यात घेतलेला, वर्षभरही जुना नव्हता. सिम घातलं, इंटरनेट सुरू झालं, व्हॉट्सॅप चाललं, आणि मी खूश झाले. साधा फोन लावून बघितलाच नाही. त्याच वर्षी अमेरिकेतलं थ्रीजी बंद होत होतं. एटी अँड टीनं फेब्रुवारीत बंद केलं, टी-मोबाइलचंही त्याच वर्षी गेलं आणि वर्षअखेरीला व्हेरायझनचं. त्याआधी परदेशी फोन बोलण्यापुरते थ्रीजीवर उतरायचे. ती पायरीच काढून टाकल्यावर बोलणंसुद्धा फोरजीवरून जावं लागतं, ज्याला व्हीओएलटीई म्हणतात. भारतात ते उत्तम चालणारा फोन इथल्या कंपनीच्या यादीत नसेल, तर इथे तो इंटरनेट देईल आणि बोलायला गेलं की मुका होईल.

दुसरी अडचण बँडची. टॉवर आणि फोन ज्या पट्ट्यांवर बोलतात त्यांना नंबर असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनांवर साधारण १, ३, ५, ८, ४०, ४१ हे फोरजी बँड लिहिलेले असतात. इथे लागतात २, ४, १२, ६६. लांबवर आणि भिंतींच्या आत पोचणारे म्हणजे टी-मोबाइलचे १२ आणि ७१, व्हेरायझनचा १३. हे बँड फोनमध्ये नसले तर रस्त्यावर रेंजच्या दांड्या दिसतात आणि तळघरात किंवा पार्कच्या झाडीत शिरलं की फोन आंधळा. बाबा त्या दिवशी त्या छपराखाली उभे होते तिथे नेमकं हेच झालं होतं.

बाबांना मी हे सगळं या वेळी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे रेडिओसारखंच की. स्टेशन आहे, पण आपल्या रेडिओला तो पट्टाच नाही.’ कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

म्हणून या वेळी फोनपासून सुरुवात केली. आईचा नवा फोन होता. तिला साताऱ्याहूनच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, पाठवायला सांगितला आणि तो कार्डाच्या कंपनीच्या साइटवर घालून बघितला. चालेल असं उत्तर आलं. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून मॉडेल नंबरवरून बँडही जुळवून पाहिले. २, ४, १२, ६६ सगळे होते. बाबांच्या फोनमध्ये मात्र यातले काही नव्हतेच. मग माझ्या कपाटातला जुना आयफोन १२ बाहेर काढला. यात दोन गोष्टी बघायच्या. एक, तो मोकळा आहे का. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, आणि खाली ‘कॅरिअर लॉक’पुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं हवं. तसं नसेल तर जिच्याकडून फोन घेतला त्या कंपनीकडून कुलूप काढून घ्या. दुसरी, त्यात सिमची खाच आहे का. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना ही खाचच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर. आई-बाबांसाठी कौतुकानं नवाकोरा फोन घ्यावा आणि त्यांचं भारतातलं कार्ड घालायला जागाच नसावी, असं आमच्या शेजारणीकडे झालं. जुन्या १२ मध्ये खाचेत भारतातलं सिम आणि ई-सिमवर अमेरिकेतलं, दोन्ही एकत्र नांदतात.

रेंज मी चालून बघितली. कंपन्यांचे नकाशे सगळीकडे एकच रंग फासतात, त्यावर जाऊ नका. मोठ्या कंपन्या ई-सिमवर काही दिवस फुकट वापरून बघू देतात. मी एकापाठोपाठ एक दोघींची चाचणी घेतली आणि बाबांचा रस्ता चालले. अँड्रॉइडमध्ये अबाउट फोनमधल्या सिम स्टेटसमध्ये रेंजचा आकडा दिसतो, उणे चिन्हाचा. उणे ८० च्या आसपास म्हणजे झकास, उणे ११५ च्या खाली गेला की बोलणं तुटायला लागतं. घराचा ओटा, बेसमेंट, कोपऱ्यावरचा बसस्टॉप, तळं, ते छप्पर, परतीचा रस्ता, भाजीचं दुकान, देऊळ, असे आकडे कागदावर लिहीत गेले. छपराखाली एकीचा आकडा उणे ११८, दुसरीचा उणे ९४. दुसरी होती टी-मोबाइल. निर्णय तिथेच झाला, बाकीच्या जागी थोडा कमी-जास्त असला तरी. तुमच्या गावात कदाचित उलटं निघेल. तुम्हाला तुमच्या बाबांचा रस्ता चालावा लागेल.

बेसमेंटमध्ये मात्र कोणाचीच रेंज नव्हती, आणि झोपायची खोली तिथेच. तिथे वायफाय कॉलिंग चालू केलं. ते चालू करताना फोन घराचा पत्ता विचारतो. घाईत काहीतरी भरून पुढे जाऊ नका, कारण वायफायवरून ९११, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लावला तर मदत त्या पत्त्यावर येते. आमचा पत्ता मी अपार्टमेंट नंबरासकट दोनदा तपासून भरला. इथे प्लॅन नसलेल्या फोनवरूनही ९११ लागला पाहिजे असा नियम आहे, पण फोनला टॉवर पकडताच आला नाही तर त्या नियमाचा काय उपयोग? २०२२ मध्ये त्या छपराखाली बाबांना काही झालं असतं, तर तेही लागलं नसतं. हा विचार मनातून जात नाही, आणि म्हणूनच मी पाच डॉलरच्या फरकावर कधी निर्णय घेणार नाही.

पैशांचं आता. हे भाव तेव्हाचे, २०२५ चे. टी-मोबाइलच्या टॉवरवरची कार्डं बघितली, त्यात मिंटचे पहिले तीन महिने ४५ डॉलर, म्हणजे महिना १५. भाव चांगला, पण पुढे तोच टिकवायचा तर वर्षाचे पैसे एकदम भरायचे, आणि आमचा मुक्काम सहा महिन्यांचा. व्हिजिबलला महिना २५ डॉलर, कर त्यातच, डेटा अमर्याद, पण तो व्हेरायझनचा टॉवर. टेलोला, म्हणजे पुन्हा टी-मोबाइलच्याच टॉवरवर, १० डॉलरमध्ये अमर्याद बोलणं, एसएमएस आणि २ जीबी, ३० दिवसांसाठी. वर कर लागतो. आपल्याकडे रिचार्जचा जो आकडा तोच भरायचा असतो, इथे दाखवलेल्या आकड्यावर बहुतेक वेळा थोडं चढतं, ते धरून चला.

२ जीबी पुरतील का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. भारतात रोज दीड-दोन जीबीचे पॅक वापरायची सवय, त्यामुळे आईला तर ऐकूनच धक्का बसला. ‘महिन्याला दोन? अगं, एका दिवसात संपतील!’ मी तिला त्यांच्या फोनमधलं मागच्या महिन्याचं मोजमाप उघडायला लावलं. घरात वायफाय नव्हतं म्हणून तिकडे सगळं मोबाइल डेटावर जात होतं. इथे दिवसातले बावीस तास दोघं वायफायखाली. बाहेर लागतो नकाशा, व्हॉट्सॅप आणि बाबांचं कीर्तन. कीर्तनं निघायच्या आधी घरी डाउनलोड करून ठेवायला लावली, आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं फक्त वायफायवर ठेवलं. पहिल्या महिन्याअखेर आईचे सव्वा जीबी उरले, बाबांचा अर्धा. दोघांना टेलोचाच १० डॉलरचा घेतला आणि सहाही महिने तोच चालवला.

कोरेगावच्या आत्याकडे बटणांचा साधा फोन आहे, व्हॉट्सॅप नाही. बाबा दर रविवारी तिच्याशी बोलतात, आणि हे बोलणं प्लॅन निवडताना मोजलंच पाहिजे. लायका, अल्ट्रा यांची ओळखच परदेशी बोलण्यासाठी आहे. तुमच्याकडे रोजचे तासभर फोन असतील तर तिकडे बघा. आमचा आठवड्याचा एकच फोन. तो मी माझ्या फोनवरून लावून द्यायचे, बाबा ओट्याशी उभे राहून बोलायचे.

भारतातला नंबर जिवंत ठेवणं हे निम्मं काम आहे. बँकेचे ओटीपी त्यावर, आधार त्याला जोडलेलं, आणि परत गेल्यावर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, त्यालाही तोच नंबर. रिचार्ज संपून बरेच दिवस तसेच गेले तर नंबर जातो आणि पुढे कोणा तिसऱ्याला मिळतो. सुदैवानं ट्रायनं, म्हणजे भारतातल्या दूरसंचार नियामकानं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त बोलणं-एसएमएसचे पॅक द्यायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. तेव्हा एअरटेलचा १८४९ रुपयांत ३६५ दिवस, जिओचा १७४८ रुपयांत ३३६ दिवस. निघायच्या आधी दोन्ही फोनांवर वर्षाचा पॅक टाकून आले की मधे कोणाला ‘रिचार्ज मार रे’ म्हणावं लागत नाही. इंटरनॅशनल रोमिंग साताऱ्यातच चालू करून घेतलं. एसएमएस यायला पैसे पडतात का, हे तुमच्या कंपनीला तिथूनच विचारा. इथे उतरल्यावर विचारायला गेलात तर कस्टमर केअरची वेळ आणि आपली झोप यांचा मेळ बसत नाही.

मग विमानतळावरून घरी येता-येताच तीन गोष्टी केल्या. भारतातल्या सिमवर डेटा रोमिंग बंद. बोलण्यासाठी आणि डेटासाठी अमेरिकेतली लाइन नेहमीची म्हणून निवडली. आणि एका सिमला रेंज नसली की दुसऱ्याचा डेटा आपोआप घेण्याचं बटण असतं, तेही बंद. शेवटचं विसरलं जातं, आणि डेटा रोमिंगही चालू राहिलं असेल तर पार्कमधल्या एका दुपारी भारतातल्या सिमवरून डेटा जाऊन शिल्लक साफ होते. बाबांना एवढंच सांगितलं, वर भारताचा नंबर दाखवून फोन वाजला तर उचलू नका, नाव बघा आणि व्हॉट्सॅपवरून उलटा लावा.

व्हॉट्सॅपचा नंबर बदलायचा नाही. नवं सिम दिसलं की कधी कधी ते विचारतं, नंबर बदलला का? नाही म्हणा. बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे चार ग्रुप त्या नंबरावर आहेत. त्यांचा साताऱ्याचा फोन देवघराशेजारी वायफायवर चार्जिंगला ठेवला आणि आयफोनवर तेच खातं जोडलेलं दुसरं उपकरण म्हणून चालवलं. जुना फोन दोन आठवड्यांतून एकदा तरी उघडावा लागतो, नाहीतर जोडणी सुटते. बाबा रोज सकाळी पूजा झाली की उघडायचे.

मे महिन्यात बाबा एकटेच क्रिस्टी स्ट्रीटवरचा एडिसनचा स्मारक मनोरा बघायला गेले. मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथेच होती. १८७७ मध्ये एडिसननं टेलिफोनसाठी काजळीचं बटण असलेला ट्रान्समीटर तिथे केला, त्यामुळे बोललेलं लांबवर स्पष्ट ऐकू जाऊ लागलं. मनोऱ्यापाशी उभं राहून बाबांनी मला फोन लावला, व्हॉट्सॅपवरून न लावता साधा फोन, आणि सगळी रचना वर्गात समजावल्यासारखी सांगितली. आवाज दाबला की काजळीचे कण कसे जवळ येतात, वीज कशी जास्त वाहते. मी गाडी बाजूला लावून अकरा मिनिटं ऐकलं. एकदाही तुटला नाही.

ऑक्टोबरात निघायच्या आठवड्यात दोन्ही खात्यांवरचं आपोआप पैसे कापणं बंद केलं. हे स्वतः करावं लागतं. करार नसला तरी तुमचं क्रेडिट कार्ड तिथे नोंदलेलं असतं आणि दर तीस दिवसांनी पैसे जात राहतात. मग टाचणीसारखी पिन घेऊन बाबांचं भारतातलं सिम आयफोनमधून काढून त्यांच्या साताऱ्याच्या फोनात परत घातलं. बाबांनी खिशातली डायरी काढली. ‘अमेरिका’ अशा मथळ्याखाली इथला नंबर लिहिलेला होता. त्यावर पट्टीनं एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘ऑक्टो. २०२५ पर्यंत’.

आईचं कार्ड मात्र तिच्या स्वतःच्या फोनात होतं, ते तसंच राहिलं. नेवार्क विमानतळावर त्यांना आत सोडून मी पार्किंगमध्ये आले, तेवढ्यात तिचा फोन. ‘गेटपाशी बसलोय बघ. यात अजून दोन दिवस आहेत म्हणतात हे, म्हणून लावला.’